पालकाच्या जुडीतला चपटा प्राणी

प्राणीशास्त्र शिकवते असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे वाघ येतो. वाघ नाही तर निदान बिबट्या. नाशिकच्या आसपास तो उसातून अधूनमधून दर्शन देतो, त्यामुळे माणसं उत्साहाने खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, “मग तुमचा खास विषय कोणता?” मी म्हणते, “चपटे कृमी.” खुर्ची जागेवर थांबते. “म्हणजे ते… पोटातले?” “नाही हो, ओढ्यातले.” मग खुर्ची मागे जाते आणि बोलणं मुलांच्या शिक्षणावर येतं. नोकरीभर हे असंच चाललं. संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ असा फोन केला तेव्हा त्यांच्याही मनात बिबट्याच असणार. तर आधीच सांगून टाकते, या लेखात बिबट्या येणार नाही. ज्यांना तोच हवा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं, मला राग येणार नाही. खरं तर येईल, पण मी बोलून दाखवणार नाही.

हा प्राणी असतो नखाएवढा. रंग तपकिरी, अंग कागदासारखं पातळ, डोकं त्रिकोणी आणि त्यावर दोन डोळे, तेही तिरळे. वाहत्या स्वच्छ पाण्यात दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून बसतो. चालत नाही, वळवळत नाही, नुसता सरकतो. तोंड डोक्यावर नसून पोटाच्या मधोमध असतं, आणि भूक लागली की तिथून एक नळी बाहेर येते. त्याचे दोन तुकडे केले तर दोन प्राणी होतात. उपाशी ठेवला तर मरत नाही, लहान लहान होत जातो. दरवर्षी हे सांगितलं की वर्गातल्या एका तरी मुलाच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य दिसायचं, आणि माझा तो दिवस चांगला जायचा.

त्याला पकडायचा मार्ग एकच. कच्ची कलेजी मलमलीच्या फडक्यात बांधायची, दोरा लावायचा आणि ओढ्यात दगडाखाली सोडून द्यायची. तासाभरात मंडळी वासावर येऊन फडक्याला लगडतात. मग मऊ ब्रशने एकेकाला उचलून बाटलीत टाकायचं. आता मी जन्माची शाकाहारी. पहिल्यांदा कलेजी आणायला गेले तेव्हा दुकानाच्या समोरून चार वेळा गेले आणि पाचव्या वेळी डोळे मिटून आत शिरले. दुकानदार याकूबभाई फार सज्जन माणूस. पुढे ते माझ्यासाठी ताजी कलेजी बाजूला काढून ठेवायचे. फक्त ती मी पाण्यात टाकते हे त्यांना कधी सहन झालं नाही. “मॅडम, इतनी अच्छी चीज! एक बार पका के तो देखो,” असं ते दर वेळी कळकळीने सांगायचे. आमच्या कॉलनीत मात्र माझ्या पिशवीची बातमी माझ्याआधी पोचलेली असायची.

घोटीच्या पुढे एका ओढ्यावर एकदा मी सकाळी सकाळी अशीच दोरा धरून बसले होते. एक म्हातारेबाबा बैल घेऊन आले आणि थबकले.

“बाई, काय सोडलं पान्यात?”

“कलेजी आहे, बाबा.”

“कुनावर?”

“कुणावर म्हणजे? बोकडाची आहे.”

“बोकडाची हाय त्ये कळलं. पन सोडली कुनावर? आमच्या पाड्यावरचं कोन हाय का?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळची वेळ, एकटी बाई, फडक्यात बांधलेलं काळीज आणि दोरा. बाबांची समजूत काढायला मी फडकं वर ओढलं आणि त्याला चिकटलेले कृमी दाखवले. त्यांनी निरखून पाहिलं, मग मला निरखून पाहिलं.

“याच्यासाठी येवढ्या लांबून आल्या?”

“हो.”

“आन् सरकार पगार देतं?”

“देतं.”

बाबा बैलाला म्हणाले, “चल रं.”

हे असं गोळा करून करायचं काय? दोन गोष्टी. कोणती जात कुठे सापडते याचा नकाशा करायचा, आणि मुळात ती कोणती जात आहे हे ठरवायचं. नकाशाचं काम मला सोपं वाटलं होतं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ अशी पश्चिमेची बाजू मी पालथी घातली आणि नकाशावर छान ठिपके दिले. एका परिषदेत तो नकाशा लावला, तर एक ज्येष्ठ प्राध्यापक बराच वेळ त्यासमोर उभे राहून म्हणाले, “मॅडम, तुमचा प्राणी एस.टी.ने प्रवास करतो का?” मी पाहिलं तर काय, प्रत्येक ठिपका एस.टी.च्या थांब्यावर! “प्राणी नाही करत सर, मी करते,” मी म्हटलं. सभागृह हसलं, पण खरं तेच होतं. जिथे एस.टी. जात नव्हती तिथे चपटे कृमी नव्हते असं विज्ञानाला वाटत होतं. पुढे मी पायी हिंडून मधल्या जागा भरल्या. त्यातले कितीतरी ओढे आता उन्हाळ्यात कोरडे पडतात, काहींवर फार्महाऊसची कुंपणं आली. तिथले ठिपके खोडायचा मला धीर होत नाही.

जात ठरवण्याचं काम मात्र अंत पाहणारं. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. खरा फरक असतो तो आतल्या प्रजननाच्या अवयवांत, आणि ते तयार होतात प्राणी वयात आला तरच. इथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडच्या उकाड्यात हे बहुतेक जण लग्नाच्या भानगडीतच पडत नाहीत. अंग ताणतात, मधोमध तुटतात, एकाचे दोन होतात आणि संसार पुढे चालू. असा ब्रह्मचारी हातात आला की त्याचं आडनाव सांगता येतं, नाव सांगता येत नाही. नाव हवं असेल तर तो वयात येईपर्यंत थंड पाण्यात सांभाळायचा. मग त्याला मारायचा, मेणात बसवायचा, त्याचे अगदी पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळीने वाचून आत काय होतं ते मनात पुन्हा जुळवायचं. इतकं करून हाती येतात दोन लॅटिन शब्द. मला ते दोन शब्द मिळाले की आठवडाभर जमिनीवर पाय ठरायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या उपद्व्यापाचा एका माणसाच्या पोटाशी संबंध आला तो एकदाच, नव्वदच्या दशकात, आणि तोही माझ्या राहत्या कॉलनीत.

गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांच्या कॉलन्या नुकत्याच होत होत्या आणि मध्ये मध्ये भाजीचे मळे शिल्लक होते. आमच्या कॉलनीच्या मागे हौसाबाईंचा मळा. त्या आणि त्यांचे मालक पालक, शेपू, मेथी आणि बांधाला झेंडू लावायचे. मळ्यात पायऱ्यांची दगडी विहीर. पुढे ती बुजली आणि आज तिथे इमारतीच्या गाड्या उभ्या राहतात, ते दुःख वेगळं आहे. तेव्हा ती भरलेली होती. हौसाबाई भाजी त्या विहिरीच्या पाण्यात धुऊन, पाटी डोक्यावर घेऊन सकाळी कॉलनीत यायच्या. आवाज खणखणीत, बोलणं सरळ, गळ्यात माळ. बाजारात भाजी न्यायला त्यांच्याकडे ना गाडी ना वेळ. आमची कॉलनी हेच त्यांचं गिऱ्हाईक आणि त्यावरच त्यांचं घर चालायचं.

त्या विहिरीच्या पायऱ्यांखाली माझे कृमी आहेत हे मला माहीत होतं. पण कलेजीचं नाव काढताच हौसाबाई कडाडल्या होत्या. “त्या पान्यावर देवाची फुलं व्हत्यात, म्याडम. मटन लावलं विहिरीला तर माझ्याएवढं वाईट कोनी नाय!” त्यामुळे तिथे मी हात जोडून, दगड उलटून मिळतील तेवढेच घ्यायची.

एका हिवाळ्यात कॉलनीतल्या एका बाईंनी पालक चिरण्याआधी पांढऱ्या पातेल्यात घातला आणि पाण्यात काहीतरी सपाट, काळपट सरकताना दिसलं. त्यांची किंकाळी मी माझ्या घरात ऐकली. संध्याकाळी गणपतीच्या देवळाच्या ओट्यावर तातडीची बैठक भरली. कॉलनीचे चेअरमन बोंडेकाका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. माणूस प्रामाणिक, पण हातात काही काम नसलं की त्यांना कॉलनी सुधारायची उबळ यायची. त्यांनी जॅमच्या बाटलीत तो आरोपी आणला होता.

“आपल्या सुदैवाने मॅडम इथेच राहतात,” बोंडेकाका म्हणाले. “मॅडम, हे काय आहे?”

मी बाटली उजेडाकडे धरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अहाहा! काय सुंदर आहे हो!”

सगळी बैठक बाटली सोडून माझ्याकडे बघायला लागली.

“कोण आहे पण हा?” काकांनी विचारलं.

“चपटा कृमी. संघ तोच, ज्यात पट्टकृमी येतो, यकृतातला कृमी येतो. पण…”

त्या ‘पण’नंतर मी जे बोलले ते विज्ञानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं होतं. वर्ग वेगळा, जगणं वेगळं, हा कोणाच्या पोटात राहत नाही, राहूच शकत नाही, स्वच्छ पाण्याशिवाय तो जगत नाही, हे सगळं मी सांगितलं. ऐकलं कोणी? पट्टकृमी हा शब्द ऐकताच बायकांनी मुलांना जवळ ओढलं. एकाने तर तिथेच पोटावर हात ठेवून “मला कालपासून बरं वाटत नाहीये” असं जाहीर केलं. आमचे हे, म्हणजे माझे पती, घरी येताना म्हणाले, “नुसतं ‘पाण्यातला निरुपद्रवी किडा’ म्हणाली असतीस तर?” मी ताडकन म्हटलं, “किडा नाहीच तो! किड्याला सहा पाय असतात!” आजही सांगते, त्या बैठकीत मी एक अक्षर चुकीचं बोलले नाही. वर्गीकरण म्हणजे नातेवाईक कोण ते सांगणं. नातेवाईक वाईट निघाले म्हणून ते लपवायचे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईंची भरलेली पाटी माझ्या ओट्यावर आदळली.

“म्याडम, तुमी काय सांगितलं मिटिंगमंदी?”

मी सांगायला लागले. संघापाशी आले तशी त्यांनी हात वर केला.

“त्ये ऱ्हाऊ द्या. येक बी बाई दार उघडंना. तोंडावर सांगत्यात, पोटात जंत व्हतील तुझ्या भाजीनं. आता ही पाटी कुठं नेऊ मी? तुमी बोलल्या, तुमीच घ्या.”

मी पाटी घेतली. त्या आठवड्यात आमच्या घरी सकाळी शेपू, दुपारी पालक, संध्याकाळी शेपूची भजी झाली. ह्यांना नाशिक रोडला नोकरी, डबा न्यायचे, चौथ्या दिवशी निघताना डबा उघडून म्हणाले, “चपट्या कृमींपेक्षा तू नाग-साप घेतले असतेस तर परवडलं असतं.” पण सगळ्या कॉलनीची भाजी एका घरात किती दिवस खाणार? हौसाबाई रोज पाटी घेऊन फिरत होत्या आणि दारं बंदच होती. त्यांचा आवाज खाली आला होता. ते ऐकून मला भयंकर राग यायचा. कॉलनीचा, काकांचा आणि थोडासा त्या तिरळ्या डोळ्यांच्या प्राण्याचाही.

मी काकांकडे गेले. काका म्हणाले, “लेखी द्या. जात कोणती, अपाय आहे का, सगळं.” मी लिहून दिलं: डुगेशिया (हे आडनाव), जात अनिश्चित, अपाय नाही. काकांचं बोट ‘अनिश्चित’वर अडकलं.

“अनिश्चित म्हणजे?”

“म्हणजे तो वयात आलेला नाही.”

“मॅडम, ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यापासून अपाय नाही हे तुम्ही कसं म्हणता? कॉलनीत भाडेकरू ठेवतानासुद्धा आपण पूर्ण नाव विचारतो.”

मी पाय आपटत घरी आले. आता त्या प्राण्याचं नाव काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. विहिरीतले थोडे कृमी आणून मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातले आणि डबा फ्रिजच्या तळच्या कप्प्यात ठेवला. वर चिठ्ठी लावली, ‘श्रीखंड नाही’. तरीही ह्यांनी एका रविवारी चमचा घेऊन झाकण उघडलंच. चिठ्ठी खोटी असेल अशी त्यांची कल्पना होती म्हणे, कारण मी चांगले पदार्थ लपवते.

मी त्यांना खाऊ घालत होते, पाणी बदलत होते आणि वाट बघत होते. मनातून एक लोभही होता, तो सांगून टाकते. वाटायचं, हा नवीनच निघाला तर? जगात कोणी न नोंदवलेली जात, आणि तीही आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या विहिरीत! थंडी त्या वर्षी चांगली पडली. एके सकाळी भिंगाखाली एकाच्या तोंडामागे पांढुरका ठिपका दिसला. मी ओरडलेच, “अहो, वयात आला! आपला वयात आला!” शेजारच्या काकू धावत आल्या, आमच्याकडे काही गोड बातमी आहे असं समजून. मग त्यांना सगळं समजावण्यात अर्धी सकाळ गेली.

त्याला मारताना मात्र जिवावर आलं. इतके दिवस हाताने भरवलेला. पण मेणात बसला, काप झाले, रंग चढले आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. नवीन नव्हता. दुसरीकडून आधीच नोंदलेली, माहितीतली, साधी जात निघाली. दोन मिनिटं फार वाईट वाटलं. मग हौसाबाई आठवल्या आणि वाटलं, बरंच झालं. त्यांच्या भाजीला अनोळखी पाहुण्यापेक्षा ओळखीचा बरा.

उन्हाळ्याच्या तोंडावर कॉलनीची सर्वसाधारण सभा झाली, तिथे मी ते दोन लॅटिन शब्द ठणठणीत वाचून दाखवले. लोकांवर छान परिणाम झाला. एकाने तर टाळी वाजवली. हौसाबाई मंडपाच्या कडेला पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, जिंकलो!

बोंडेकाका उठले. “मॅडमच्या अभ्यासाबद्दल आपण त्यांचे आभारी आहोत. प्राणी निरुपद्रवी आहे हे सिद्ध झालं. तरी किडा तो किडाच. तेव्हा मी सुचवतो, आपण कॉलनीतर्फे बाईंच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकू, पाणी उपसून काढू, आणि मग भाजी घ्यायला हरकत नाही.”

“अहो काका,” मी उभीच राहिले, “ब्लीचिंगने ते सगळे मरतील! पाणी चांगलं आहे म्हणून ते तिथे आहेत. उद्या पाणी बिघडलं तर पहिले तेच जातील!”

“मग जाऊ देत की. आपण तर राहतो,” काका म्हणाले. ठराव हात वर करून मंजूर झाला. माझा एकटीचा हात खाली होता. नाही, ह्यांचाही खाली होता, पण ते पेंगत होते.

बाहेर हौसाबाईंना गाठलं. “तुम्ही नाही म्हणा. विहीर तुमची आहे.”

त्या थांबल्या. “म्याडम, किडं तुमचं हायत, भाजी माझी हाय. मला भाजी इकायची. नाय म्हनून घरात काय शिजवू?”

इतक्या ओढ्यांवर फिरले, पण अशी कोंडी कुठे झाली नव्हती. त्या दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या.

“मरतीलच का समदं?”

“सगळे.”

“बाहेर काढून ठिवलं तर?”

“थंड, अंधारं, स्वच्छ पाणी लागेल.”

“मंग माझा रांजन हाय की पडवीत. पावडरीचा वास गेला की परत सोडू. उगं जीव कशाला घ्यायचा? पन येक सांगते, मटन नाय लावायचं.”

मटण लावलं असतं तर तासाभराचं काम. ते नाही, म्हणून मी, हौसाबाई आणि रजा टाकायला लावलेले आमचे हे असे तिघे अख्खा दिवस विहिरीच्या पायऱ्यांवर ओणवे होतो. उन्हाळ्याने पाणी खाली गेलं होतं, त्यामुळे खालच्या पायऱ्यांच्या फटी उघड्या पडल्या होत्या. दगड हलवायचा, ब्रशने उचलायचा, कळशीत सोडायचा. हौसाबाई सुरुवातीला ब्रश लांबूनच धरत होत्या. दुपारपर्यंत त्या मला सांगायला लागल्या, “म्याडम, हळू! मान मोडंल त्याची.” ह्यांची कंबर धरली ती पुढे महिनाभर. संध्याकाळी सगळे कृमी रांजणात गेले आणि वर झाकण बसलं. घरच्या पिण्यासाठी हौसाबाईंनी स्वयंपाकघरात वेगळा माठ भरला.

ठरल्या दिवशी बोंडेकाका नाकाला रुमाल बांधून, पोरासोरांची गर्दी जमवून आले आणि जातीने विहिरीत पावडर टाकली. मग उपसा झाला. विहिरीला झरे चांगले; आठ-दहा दिवसांत पाणी पुन्हा चढलं. वास जवळजवळ गेला. पण मी म्हटलं, आणखी थोडे दिवस थांबू, घाई नको.

तेवढ्यात भर दुपारी काका पाहणीला आले. मी योगायोगाने मळ्यातच होते, रांजणात शेजारच्या मळ्यातलं ताजं पाणी भरून नुकतीच पडवीत टेकले होते. काकांनी विहीर पाहिली, वरून पाहिली, पायऱ्या उतरून पाहिली, समाधानाने मान डोलावली. मग घाम पुसत पडवीत आले. हौसाबाई “बसा, पानी आनते” म्हणत आत माठाकडे वळल्या. पण काका वाट बघणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी रांजणाचं झाकण उचललं, तांब्या बुडवला आणि मी “अहो…” म्हणेपर्यंत तोंडाला लावला. गटागटा. थेंब उरला नाही. आत वळलेल्या हौसाबाई दारातच खिळल्या.

“वा!” काकांनी मिशा पुसल्या. “याला म्हणतात पाणी! थंडगार, गोड. बघा मॅडम, पावडर टाकल्यावर किती फरक पडला. तुम्ही उगाच विरोध करत होतात.”

मी तोंड उघडलं. मी आयुष्यात कधी चुकीचं विधान असंच सोडून दिलेलं नाही. परीक्षेच्या पेपरात नाही, सासरी नाही. पण समोर दारात हौसाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी सकाळी धुऊन ठेवलेल्या भाजीची पाटी होती.

काकांनी तांब्या रांजणावर ठेवला आणि अगदी अधिकाराने विचारलं, “आता शास्त्रज्ञ म्हणून सांगा. आहे का विहिरीत एक तरी किडा?”

“विहिरीत?” मी म्हटलं. “विहिरीत आता एकही नाही, काका.”

“झालं तर! उद्यापासून कॉलनीत पाटी येऊ द्या, बाई. मी स्वतः सगळ्यांना सांगतो. आणि मला आत्ताच पालकाच्या दोन जुड्या द्या.”

काका जुड्या काखेत मारून फाटकापर्यंत गेले, फाटकाबाहेर गेले, वळणावरून दिसेनासे झाले. मग हौसाबाई धावत रांजणाशी गेल्या आणि वाकून आत पाहू लागल्या.

“म्याडम, येखादा गेला तर नसंल वो?”

“गेला असला तरी काही होत नाही,” मी म्हटलं. “काका धडधाकट आहेत. पचेल त्यांना.”

“काकांचं कोन इचारतंय?” रांजणात डोकं घालून हौसाबाई म्हणाल्या. “मेलं, येवढं जपून काढलं व्हतं त्याला.”